कंपनीचं ईआरपी व्हीएमवर नेताना नक्की काय होतं

बऱ्याच मध्यम कंपन्यांत आज अशी परिस्थिती आहे की फाइल सर्व्हर, अँटिव्हायरसचा सर्व्हर, हजेरीचं पंचिंग मशीन ज्याला जोडलंय तो सर्व्हर, हे सगळं केव्हाच व्हर्च्युअल झालंय, पण ईआरपीचा, म्हणजे बिलं, स्टॉक, खरेदी, हिशोब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस मात्र अजून जुन्या फिजिकल सर्व्हरवरच चालतोय आणि त्याला हात लावायला कुणी तयार नसतं. कारण उघड आहे. ईआरपी बंद म्हणजे बिल निघत नाही, बिल नाही तर ई-वे बिल नाही, आणि ठरावीक रकमेच्या वरचा माल ई-वे बिलाशिवाय गेटबाहेर काढता येत नाही, म्हणजे ट्रक भरून उभा, ड्रायव्हर चिडलेला, आणि डिस्पॅचवाल्यांचे फोन सुरू. एसएपी असो, ओरॅकल असो, मायक्रोसॉफ्ट डायनॅमिक्स असो किंवा लोकल व्हेंडरने बनवून दिलेलं सॉफ्टवेअर असो, धास्ती सगळीकडे सारखीच.

पण तो जुना सर्व्हर काही कायमचा टिकणार नाहीये. वॉरंटी संपलेली असते, एएमसीवाला, म्हणजे वार्षिक देखभालीचं कंत्राट घेतलेला, दरवर्षी रेट वाढवतो, पार्ट मिळेल तेव्हा मिळेल. आणि इतकं असूनही त्या मशीनचा प्रोसेसर दिवसातला बराच वेळ जवळपास रिकामाच बसलेला असतो. म्हणून हा लेख, की ईआरपी व्हर्च्युअल करायचं म्हणजे आतमध्ये काय बदलतं, काय सांभाळायचं, आणि लोक नेमके कुठे अडकतात.

आधी थोडक्यात बेसिक. फिजिकल सर्व्हरवर थेट विंडोज किंवा लिनक्स टाकण्याऐवजी आधी हायपरवायझर नावाचा एक थर टाकतात, व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय, मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही, लिनक्समधलं केव्हीएम वगैरे, आणि तो थर एका मशीनचा प्रोसेसर, मेमरी, डिस्क वाटून अनेक व्हर्च्युअल मशीन म्हणजे व्हीएम चालवतो. प्रत्येक व्हीएमला वाटतं आपण स्वतंत्र सर्व्हर आहोत. प्रत्यक्षात ती स्टोरेजवर पडलेल्या काही फाइल्स असते, म्हणूनच ती एका मशीनवरून उचलून दुसऱ्यावर चालवता येते. हे काही नवीन खूळ नाही, आयबीएमने 1972 मध्येच मेनफ्रेमवर व्हीएम/370 आणलं होतं. साध्या इंटेलवाल्या सर्व्हरवर ते व्हीएमवेअरने 2001 मध्ये ईएसएक्स सर्व्हर काढून आणलं, 2005-06 मध्ये इंटेल आणि एएमडीने प्रोसेसरमध्येच त्यासाठी सोय दिली, आणि 2007 च्या डिसेंबरात एसएपीने व्हीएमवेअरवर प्रॉडक्शन, म्हणजे रोजच्या खऱ्या कामाची सिस्टिम, चालवायला अधिकृत सपोर्ट जाहीर केला. त्यामुळे 'ईआरपी व्हीएमवर चालतं का' हा प्रश्न केव्हाच निकालात निघालाय.

माझं स्पष्ट मत असं आहे की ईआरपी व्हर्च्युअल करणं हे टेक्निकली अवघड काम नाही, पण ईआरपीच्या डेटाबेसला बाकीच्या व्हीएमसारखंच वागवलं की हमखास घोळ होतो. फाइल सर्व्हर दोन सेकंद थांबला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. डेटाबेस थांबला तर त्याच्यावर बसलेले दोनशे लोक एकदम थांबतात.

व्हर्च्युअलायझेशनचा सगळा फायदा वाटून वापरण्यात आहे, आणि धोकाही तिथेच आहे. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं गणित ह्याच गृहीतावर असतं की सगळे एकाच वेळी नळ उघडणार नाहीत. सर्व्हरचंही तसंच, मशीनमध्ये 32 कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे स्वतंत्र भाग) असताना सगळ्या व्हीएम मिळून 90 कोअर दिलेले असतात आणि एरवी ते व्यवस्थित चालतं. प्रश्न महिनाअखेरीचा आहे. आपल्याकडे लोड कधी येतो ते कॅलेंडरवर लिहिलेलं असतं: एक ते पाच तारखेला महिन्याच्या हिशोबाचं क्लोजिंग आणि पगार, सातला टीडीएस, अकराला जीएसटीआर-1, वीसला 3बी, आणि 31 मार्चचं तर विचारूच नका. त्या दिवशी ईआरपीला जे लागतं ते रोजच्या सरासरीत दिसतच नाही.

म्हणून पहिलं काम मोजमाप. जुन्या सर्व्हरवर विंडोज असेल तर परफॉर्मन्स मॉनिटर लावा, लिनक्स किंवा युनिक्स असेल तर सार (sar) हे टूल, आणि किमान एक पूर्ण महिना, क्लोजिंगचे दिवस धरून, आकडे गोळा करा. प्रोसेसर किती, मेमरी किती, डिस्कवर सेकंदाला किती रीड-राइट, आणि प्रत्येक रीडला किती मिलीसेकंद. तासाची सरासरी घेऊ नका, त्यात पाच मिनिटांचा पीक विरघळून जातो. शिवाय अकाउंट्स आणि प्लॅनिंगच्या लोकांना विचारून त्यांचे सगळ्यात जड दहा-बारा रिपोर्ट निवडा, ते जुन्या सिस्टिमवर किती वेळात येतात ते घड्याळ लावून लिहून ठेवा. नंतर कुणी म्हणालं की नवीन सर्व्हर स्लो आहे, तर बोलायला हाताशी काहीतरी असतं.

आता प्रोसेसर. इथे एक गोष्ट सगळ्यांनाच उलटी वाटते, ती म्हणजे व्हीएमला जास्त व्हीसीपीयू, म्हणजे व्हर्च्युअल प्रोसेसर, दिले की ती हळू होऊ शकते. व्हीएमला जेव्हा काम करायचं असतं पण खाली फिजिकल कोअर मोकळा नसतो तेव्हा ती रांगेत उभी राहते, ह्या थांबण्याला रेडी टाइम म्हणतात, आणि व्हीएमच्या आत बसून पाहिलं तर हे तुम्हाला सरळ दिसत नाही, टास्क मॅनेजर म्हणेल प्रोसेसर 40 टक्केच वापरात आहे आणि युजर म्हणेल स्क्रीन हलत नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात. बघायचं ते हायपरवायझरच्या बाजूने. व्हीएमवेअरमध्ये रिअल टाइम चार्ट 20 सेकंदांच्या टप्प्याने येतो, त्यात एका व्हीसीपीयूला 1000 मिलीसेकंद रेडी दिसला तर तो 5 टक्के झाला, आणि साधारण तिथून पुढे डेटाबेसला त्रास जाणवायला लागतो. आता 8 व्हीसीपीयू पुरत असताना कुणीतरी सेफ साइड म्हणून 24 दिले, तर हायपरवायझरला ते सगळे साधारण बरोबरीने पुढे न्यावे लागतात, एखादा फार पुढे गेला तर बाकीचे येईपर्यंत त्याला थांबवलं जातं. भरलेल्या होस्टवर, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या फिजिकल मशीनवर, ह्याचा फटका चांगलाच बसतो. मोजलेल्या पीकएवढे द्या, वर थोडी जागा ठेवा, कमी पडले तर नंतर वाढवणं काही मिनिटांचं काम आहे.

ह्याला जोडून आणखी एक. दोन प्रोसेसरच्या सर्व्हरमध्ये प्रत्येक प्रोसेसरची स्वतःची मेमरी असते, दुसऱ्याच्या मेमरीत जायला जास्त वेळ लागतो. 16-16 कोअर आणि एकूण 512 जीबीचं मशीन असेल तर 8 व्हीसीपीयू आणि 128 जीबीची डेटाबेस व्हीएम एका बाजूला आरामात मावते. 20 व्हीसीपीयूची केलीत तर ती दोन्हीकडे पसरते. शक्य तोवर एका बाजूत मावेल असंच ठेवा.

मेमरीबाबत मी अजिबात तडजोड करणार नाही. प्रॉडक्शन डेटाबेसच्या व्हीएमला जेवढी मेमरी दिलीय तेवढी पूर्ण रिझर्व्ह करा. होस्टवर मेमरी कमी पडली की हायपरवायझर व्हीएमच्या आतला बलून ड्रायव्हर फुगवून मेमरी परत मागतो, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर स्वतःच डिस्कवर स्वॅप करायला लागतो. डेटाबेसने मुद्दाम मेमरीत धरून ठेवलेला डेटा डिस्कवर गेला की सगळा खेळ संपला. एसएपीही प्रॉडक्शनला मेमरी ओव्हरकमिट, म्हणजे आहे त्यापेक्षा जास्त वाटप, करू नका असंच सांगतं. टेस्ट आणि डेव्हलपमेंटच्या व्हीएमवर काय काटकसर करायची ती खुशाल करा.

पण खरं सांगायचं तर बहुतेक ठिकाणी गाडी अडते ती स्टोरेजवर, आणि बजेटच्या मीटिंगमध्ये कात्री लागते तीही नेमकी स्टोरेजलाच. एक साधा हिशोब बघा. एमआरपी रनसारखा (कुठला कच्चा माल कधी, किती लागेल ते काढणारा) जॉब डेटाबेसमधून छोटे-छोटे रीड एकामागून एक करत जातो. समजा असे 10 लाख रीड डिस्कवर गेले. एका रीडला 1 मिलीसेकंद लागला तर 1000 सेकंद, म्हणजे साधारण 17 मिनिटं. 8 मिलीसेकंद लागले तर 8000 सेकंद, म्हणजे सव्वादोन तास! प्रोसेसर तोच, मेमरी तीच, सॉफ्टवेअर तेच. जुन्या सर्व्हरला त्याच्या स्वतःच्या डिस्क होत्या, त्यांच्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नव्हता, आणि आता त्याच स्टोरेजवर तीस व्हीएम बसल्यात ज्यातल्या दहांचं अँटिव्हायरस स्कॅन रात्री त्याच वेळी सुरू होतं. व्हेंडर तुम्हाला आयओपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती रीड-राइट होतात त्याचा, मोठा आकडा दाखवेल, तुम्ही त्याला लेटन्सी, म्हणजे एका रीडला किती वेळ लागतो, ते विचारा, आणि तीही रिकाम्या स्टोरेजची नको, बाकी सगळ्या व्हीएम चालू असतानाची. डेटा, लॉग (झालेल्या बदलांची नोंद) आणि टेम्पडीबी (डेटाबेसची तात्पुरत्या कामाची जागा) वेगवेगळ्या व्हर्च्युअल डिस्कवर ठेवा, त्या डिस्क वेगवेगळ्या व्हर्च्युअल कंट्रोलरवर वाटा, व्हीएमवेअर असेल तर डेटाबेसच्या डिस्कला पॅराव्हर्च्युअल कंट्रोलर लावा. थिन प्रोव्हिजनिंग करून, म्हणजे जागा प्रत्यक्षात लागेल तशी देऊन, कागदावर 10 टीबी वाटलेत आणि खाली 6 टीबीच आहेत, असं असेल तर डेटास्टोअर (व्हीएमच्या फाइल्स ठेवायची जागा) भरला त्या क्षणी जागा मागणाऱ्या व्हीएम जागच्या जागी थांबतात, ईआरपीसकट.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. हे मोठ्याने सांगायची गरज आहे, कारण पॅच टाकायच्या आधी स्नॅपशॉट घ्यायची सवय लागते, ती चांगलीच आहे, पण मग तो काढायचा राहून जातो. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्कची फाइल गोठते आणि त्यानंतरचे सगळे बदल एका वेगळ्या डेल्टा फाइलमध्ये जायला लागतात. ईआरपीच्या डेटाबेसमध्ये बदल म्हणजे दिवसभर चालूच, त्यामुळे ती फाइल फुगत जाते, डिस्क हळू होते, आणि मग एक दिवस कुणीतरी भर दुपारी तो स्नॅपशॉट डिलीट करतं आणि सगळे बदल मूळ फाइलमध्ये मिसळताना व्हीएम मध्येच गोठते, युजरचे सेशन तुटतात. व्हीएमवेअरचा स्वतःचा सल्ला कुठलाही स्नॅपशॉट 72 तासांपेक्षा जास्त ठेवू नका असा आहे. आणि मूळ फाइलच खराब झाली तर स्नॅपशॉटचा काहीही उपयोग नाही, कारण तो तिच्यावरच टेकलेला असतो. बॅकअप वेगळ्या स्टोरेजवर, डेटाबेसला कळवून घेतलेला, लॉग बॅकअपसकट, आणि एक कॉपी नेटवर्कपासून तोडलेली, कारण रॅन्समवेअर आत शिरलं की आधी बॅकअपच शोधतं. आपल्याकडे कायदाही आहे, 2022 च्या ऑगस्टमधल्या दुरुस्तीनंतर कंपनीच्या हिशोबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्याच सर्व्हरवर ठेवावा लागतो. रिस्टोअर करून पाहिलेला नसेल तर त्या बॅकअपवर विसंबू नका. व्हीएमचा एक मोठा फायदा इथे आहे, रात्रीचा बॅकअप वेगळ्या बंद नेटवर्कमध्ये व्हीएम म्हणून उभा करून लॉगिन करून बघता येतो, त्यासाठी वेगळं हार्डवेअर विकत घ्यावं लागत नाही.

हाय अव्हेलेबिलिटीबद्दलही गैरसमज फार. होस्ट बंद पडला की त्यावरच्या व्हीएम दुसऱ्या होस्टवर आपोआप सुरू होतात हे खरं, पण त्या 'सुरू' होतात, म्हणजे विंडोज बूट होणार, डेटाबेस आपलं रिकव्हरीचं काम करणार, मग ॲप्लिकेशन वर येणार. काही मिनिटं जातातच आणि त्या क्षणी अर्धवट असलेल्या एंट्र्या पुन्हा कराव्या लागतात. मालकाला हे आधीच सांगून ठेवा. आणि त्यासाठी क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या होस्टच्या गटात, एक होस्ट गेला तरी बाकीच्यांवर सगळं मावेल इतकी जागा शिल्लक पाहिजे, ती जागा हळूहळू नवीन व्हीएम टाकून खाल्ली जाते आणि प्रसंग आल्यावरच कळतं. ईआरपीचे दोन ॲप्लिकेशन सर्व्हर असतील तर ते एकाच होस्टवर बसणार नाहीत असा नियम लावा, नाहीतर दोन असून उपयोग काय.

लायसन्सचा भाग कंटाळवाणा वाटतो पण सगळ्यात मोठा खर्च कधीकधी इथूनच निघतो. ओरॅकल डेटाबेस व्हीएमवेअरवर नेताना फार सांभाळून. ओरॅकलच्या पॉलिसीत व्हीएमवेअर सॉफ्ट पार्टिशनिंगमध्ये मोडतं, म्हणजे तुम्ही व्हीएमला 4 व्हीसीपीयू दिले तरी लायसन्स त्या व्हीएमच्या आकारावर मोजलं जात नाही, ती ज्या फिजिकल मशीनवर चालू शकते त्यांच्या सगळ्या कोअरची मागणी येऊ शकते. त्यामुळे ओरॅकलवाले बरेच जण त्यासाठी छोटा वेगळा क्लस्टरच ठेवतात. एसक्यूएल सर्व्हरचं लायसन्स कोअरच्या हिशोबाने घेतलं तर प्रत्येक व्हीएमला किमान 4 कोअरचं लागतं. विंडोज सर्व्हर स्टँडर्डमध्ये होस्टचे सगळे कोअर लायसन्स केल्यावर दोन व्हीएम मिळतात, डेटासेंटर एडिशनमध्ये कितीही. हे सगळं खरेदीच्या आधी लेखी घ्या, व्हेंडरच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. हायपरवायझरचंही गणित बदललंय, 2023 च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ताब्यात घेतली आणि डिसेंबरात कायमची लायसन्स विकणं बंद करून सबस्क्रिप्शनवर नेलं, तेव्हापासून बऱ्याच कंपन्या हायपर-व्ही, न्यूटॅनिक्स, प्रॉक्समॉक्सकडे बघायला लागल्यात. बघायला हरकत नाही, फक्त तुमचा ईआरपीवाला त्या हायपरवायझरवर सपोर्ट देतो का हे आधी विचारा. महिनाअखेरीला कॉल टाकल्यावर 'आधी सपोर्टेड प्लॅटफॉर्मवर दाखवा' हे उत्तर नको.

मग येतात सर्व्हरला चिकटलेल्या वस्तू, ज्या कुठल्याच डायग्राममध्ये नसतात. पेरोलचा यूएसबी डोंगल (लायसन्सची किल्ली असलेला छोटा तुकडा) जुन्या सर्व्हरच्या मागे लावलेला असतो. गेटवरचा वजनकाटा सीरियल केबलने कुठल्यातरी मशीनच्या कॉम पोर्टला जोडलेला असतो. कुठल्यातरी जुन्या सॉफ्टवेअरचं लायसन्स नेटवर्क कार्डाच्या मॅक ॲड्रेसला बांधलेलं असतं. एसएपीलाही मशीन बदललं की नवीन लायसन्स की मागवावी लागते. डोंगल होस्टला लावून व्हीएमला जोडता येतो, पण मग त्या व्हीएमचा जीव त्या एका होस्टमध्ये अडकतो, त्यापेक्षा नेटवर्कवरून यूएसबी देणारा छोटा बॉक्स घ्या, वजनकाट्यासाठी सीरियल ते इथरनेट कन्व्हर्टर मिळतो. ई-इनव्हॉइसची थेट एपीआय जोडणी असेल तर कुठला आयपी नोंदवलाय तेही बघून घ्या. सर्व्हर रूममध्ये जाऊन प्रत्येक केबल हाताने धरून ती कुठे जाते ते बघण्यात एक दिवस घालवा, तो दिवस वसूल होतो.

हलवायचं कसं? चालू फिजिकल सर्व्हरची जशीच्या तशी व्हीएम बनवणारी टूल्स आहेत आणि छोट्या सर्व्हरना ती ठीक आहेत, पण डेटाबेस सर्व्हरला मी ती सुचवणार नाही, कारण दहा वर्षांचे जुने ड्रायव्हर, जुनं व्हर्जन, चुकीची डिस्क रचना सगळं बरोबर येतं. नवीन व्हीएम, त्यावर स्वच्छ ओएस, स्वच्छ डेटाबेस, आणि डेटा बॅकअप-रिस्टोअरने. 2 टीबीचा बॅकअप 1 गिगाबिट नेटवर्कवरून न्यायला साधारण पाच तास जातात, म्हणून लॉग शिपिंग लावा, म्हणजे मोठा डेटा आठवडाभर आधीच नव्या व्हीएमवर बसलेला असतो, नंतरचे लॉग येत राहतात आणि शेवटच्या रात्री फक्त शेवटचा लॉग लावायचा उरतो. जुनं एसएपी एचपी-यूएक्स किंवा एआयएक्सवर, म्हणजे एचपी किंवा आयबीएमच्या युनिक्सवर, असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तिथला प्रोसेसरच वेगळ्या जातीचा आहे, बाइट्सची मांडणीच उलटी, त्यामुळे डेटा एक्सपोर्ट करून लिनक्सवर इंपोर्ट करावा लागतो आणि त्यासाठी एसएपी-सर्टिफाइड मायग्रेशन कन्सल्टंट लागतो. एचपी-यूएक्स 11आय व्ही3 चा सपोर्ट 2025 च्या डिसेंबरअखेर संपलाय, त्यामुळे ते चालवणाऱ्यांनी आता थांबू नये.

कटओव्हरचा, म्हणजे जुन्यावरून नव्यावर जायचा, दिवस निवडताना पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकणवाल्यांना गुरुवारची साप्ताहिक सुट्टी सोयीची, बुधवारी सेकंड शिफ्ट संपली की सुरू करायचं. पण महावितरण दुरुस्तीसाठी लाइट घालवते तीही गुरुवारीच, तेव्हा जनरेटरचं डिझेल आणि यूपीएसच्या बॅटऱ्या आदल्या दिवशी तपासा. तारीख महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत किंवा वीसच्या आसपास नको. आधी एकदा पूर्ण रंगीत तालीम करा, टेस्ट व्हीएमवर, घड्याळ लावून, म्हणजे प्रत्येक पायरीला किती वेळ लागतो ते कळतं. त्या रात्री युजर बाहेर काढले, शेवटचा लॉग लावला, की लगेच दोन्हीकडचा ट्रायल बॅलन्स, स्टॉकची किंमत, उघड्या पीओंची (खरेदी ऑर्डरींची) संख्या आणि शेवटचा बिल नंबर ताडून बघायचा, आणि हे अकाउंट्सच्या माणसाने सही करून द्यायचं, आयटीवाल्याने नाही.

परत फिरायचं असेल तर कधीपर्यंत, ही वेळ आधीच ठरवा, समजा गुरुवार संध्याकाळी सहा. तोपर्यंत पटलं नाही तर जुना सर्व्हर सुरू. शुक्रवारी सकाळी नवीन सिस्टिमवरून पहिलं बिल निघालं, त्याचा आयआरएन (ई-इनव्हॉइसचा नोंदणी क्रमांक) आला, की मागे जाणं फार महाग पडतं, कारण तो बिल नंबर जीएसटीच्या पोर्टलवर नोंदला गेलेला असतो आणि जुन्या डेटाबेसला त्याची काही कल्पनाच नसते.

जुना सर्व्हर बंद करून ठेवा पण फॉरमॅट करू नका. नव्या व्हीएमवरचं पहिलं क्लोजिंग पार पडू द्या, आधी लिहून ठेवलेले ते दहा-बारा रिपोर्ट पुन्हा घड्याळ लावून काढा, रेडी टाइम आणि डिस्क लेटन्सी त्या चार-पाच दिवसांत रोज बघा, बॅकअप एकदा रिस्टोअर करून ट्रायल बॅलन्स काढा. हे सगळं जुळलं की जुन्या मशीनचा एएमसी रिन्यू करू नका.